आधी माथा, मग धबधबा : एका दिवसाच्या डोंगरवाटेचे नियोजन

वाटेच्या माहितीत ‘मध्यम’ असा शेरा दिसला, तरी तेवढ्यावर विसंबून निघू नये, कारण तो शेरा देणाऱ्याच्या दमावरही अवलंबून असतो. एकूण अंतर आणि एकूण चढ हे दोन आकडे मिळवून वेळेचा हिशेब स्वतः मांडावा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा त्यासाठी आजही उपयोगी पडतो : दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. १२ किलोमीटर अंतर आणि ६०० मीटर चढ असलेल्या वाटेला या हिशेबाने सुमारे साडेतीन तास लागतात. मात्र हा हिशेब चांगल्या वाटेवरून न थांबता चालणाऱ्याचा आहे. जंगलातील मुळे, ओले दगड, ओढे आणि विश्रांती धरली, तर साडेपाच ते सहा तास मोजावेत, तेही गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या गतीने.

धबधबे वाटेत आधी लागत असले, तरी जाताना तिथे रेंगाळू नये. सरळ माथा गाठावा आणि धबधबे परतीसाठी ठेवावेत. सकाळी हवा बहुधा स्वच्छ व स्थिर असते. ऊन वाढते तशी दमट हवा उतारावरून वर चढून तिचे ढग बनतात आणि दुपारनंतर पुष्कळदा दरीच दिसेनाशी होते. शिवाय भिजलेल्या बुटांनी चढ चढल्यास पायाला फोड येतात आणि ओले कपडे माथ्यावरच्या वाऱ्यात अंग गारठवतात. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी मागे वळावे. हा नियम सर्वांना मान्य असतो आणि शेवटच्या चढावर बहुतेक जण तो मोडतात.

उंचीबरोबर तापमान दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, त्यात वाऱ्याची भर पडते. म्हणून कडा गाठताच, घाम सुकण्याआधी, वाराप्रतिबंधक जाकीट चढवावे. कड्याच्या टोकावरचे गवत पुष्कळदा अधांतरी मातीवर उभे असते, त्यामुळे पायाखाली खडक दिसेल तिथेच थांबावे. गडगडाट ऐकू आला, तर लगेच उतरू लागावे, एकट्या झाडाखाली आसरा घेऊ नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उघड्या माथ्यावर परतू नये.

धबधब्यापाशी सर्वाधिक सावधगिरी लागते, आणि ती नेमकी अंग थकल्यावर बाळगायची असते. धारेच्या अगदी खाली उभे राहू नये, कारण पाण्याबरोबर वरून दगड आणि ओंडकेही येतात. कुंडात उडी मारू नये. फेसाखाली खडक किती खोल आहे, हे काठावरून कळत नाही. धबधब्याच्या वरच्या काठाजवळ पाण्यात तर मुळीच उतरू नये, तिथे शेवाळावरून एकदा पाय सरकला की सावरायला जागा उरत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी एकाएकी गढूळ झाले, पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला किंवा मघाशी कोरडा असलेला दगड बुडाला, तर सामानाचा मोह सोडून बाजूच्या उंच जागी चढावे; ओढ्याच्या पात्रातून खाली पळू नये. ओढा ओलांडताना पिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवावा. वेगाचे पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर ओलांडूच नये : डोंगरी ओढे पाऊस थांबल्यावर सहसा काही तासांतच ओसरतात, तेवढे थांबणे परवडते.

पिशवीत फार काही लागत नाही. पाणी तासाला सुमारे अर्धा लिटर धरावे आणि ओढ्याचे पाणी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्यावा. नेटवर्क नसले तरी जीपीएसने स्थान कळते, पण बॅटरी संपल्यास उपयोग नाही, म्हणून कागदी नकाशाही हवा. दाट झाडीखाली अंधार उघड्या रानापेक्षा लवकर पडतो, त्यामुळे प्रत्येकाकडे स्वतःचा हेडटॉर्च असावा. शिट्टीही प्रत्येकाकडे हवी : संकटात मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबून पुन्हा तेच, हा डोंगरातील आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि त्याचे उत्तर मिनिटाला तीन खुणांनी मिळते.