आतड्याचा कॅन्सर आणि लिपिड रिपोर्ट: तो कसा वाचायचा

फोंड्याला एका लॅबमध्ये मी 19 वर्षं रक्त काढते आहे. लिपिड प्रोफाइलचे, म्हणजे रक्तातल्या चरबीचे, रिपोर्ट रोज हातातून जातात. तरी दादाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा त्याच रिपोर्टने मला चकवलं. एकूण कोलेस्टेरॉल आदल्या वर्षी 214 होतं, ऑपरेशनच्या आधी 142 आलं. वहिनी म्हणाली, "निदान एवढं तरी बरं झालं गो." मीही मान डोलावली. त्याच काळात दादाचं वजन 68 वरून 61 वर उतरलं होतं, आणि या दोन आकड्यांची सांगड मी घातलीच नाही.

म्हणून सांगते, गोळी नाही, पथ्य नाही, आणि तरी कोलेस्टेरॉल उतरलं, तर खूश होऊ नका. पोटात अन्न कमी जातंय किंवा आजारामुळे अंगात दाह आहे, असं त्यामागे असू शकतं. दाह असला की एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल ("चांगलं" कोलेस्टेरॉल) दोन्ही खाली येतात. रिपोर्टच्या कडेला त्या दिवसाचं वजन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) लिहून ठेवा. सहा महिन्यांत वजन 5 टक्क्यांहून जास्त घटलं असेल, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलोंहून जास्त, तर डॉक्टरांना आधी ते सांगा, कोलेस्टेरॉलचं नंतर. मात्र उलटा अर्थ काढू नका. कोलेस्टेरॉल कमी आलं म्हणजे कॅन्सरच, असं नसतं.

रक्त कधी द्यायचं? ऑपरेशन किंवा मोठा ताप झाल्यावर काही आठवडे आकडे खरे बोलत नाहीत. किमोच्या वेळी उलटीसाठी डेक्सामेथासोन देतात, त्याने साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) दोन्ही वर जाऊ शकतात. पुढच्या सायकलआधी (किमोच्या फेरीआधी) सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशी मोजायला, सुई टोचतातच, त्याच वेळी लिपिडचंही करून घ्या. रात्रभर उपास, पाणी चालतं. रुग्ण फार अशक्त असेल तर उपास हवाच का, हे आधी विचारा. आणि चवथीत नेवऱ्या खाऊन दुसऱ्याच दिवशी येऊ नका.

दादाला किमोत ऑक्सालिप्लाटिनच्या सलाइनसोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या होत्या, 14 दिवस घ्यायच्या, 7 दिवस सुट्टी. तिसऱ्या सायकलनंतर त्याचं रक्त मीच काढलं. रक्त फिरवून वेगळं करणाऱ्या सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर आली तेव्हा वरचं सीरम पिवळसर पारदर्शक असायला हवं होतं. ते नारळाच्या दाट रसासारखं पांढरं होतं. दादा रात्री आठपासून उपाशी होता. ट्रायग्लिसराइड 486 आलं. नॉर्मल 150 च्या खाली.

कॅपेसिटाबिनने काही जणांचं ट्रायग्लिसराइड असं चढतं. सगळ्यांचं नाही, पण ज्यांचं चढतं त्यांचं झपाट्याने चढू शकतं. मधुमेह किंवा आधीपासून रक्तातली चरबी जास्त असेल तर गोळ्या सुरू होण्याआधीच एक रिपोर्ट करून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

त्याच कागदावर एलडीएल 61 छापलं होतं, छान दिसणारं. ते मोजलेलं नव्हतं, गणिताने काढलेलं होतं: एकूण कोलेस्टेरॉल 190, त्यातून एचडीएल 32 वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, 97, वजा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे गणित चालत नाही. तेव्हा "डायरेक्ट एलडीएल" करून मागा.

किमोच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, हे हात जोडून सांगते. आम्ही रिपोर्ट घेऊन त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्रायग्लिसराइड उतरवणारं फेनोफायब्रेट सुरू केलं, कॅपेसिटाबिन चालू ठेवलं. घरी फेणीची दारू पूर्ण बंद झाली, चहातली साखर गेली, तळणीचा बांगडा हुमणात (माशाच्या आमटीत) आला. उकड्या तांदळाची पेज मात्र आम्ही थांबवली नाही. वजन उतरलेल्या माणसाचं जेवण चरबीच्या भीतीने कापायचं नसतं. किती आणि काय, ते आहारतज्ज्ञाला विचारा.

ट्रायग्लिसराइड 500 च्या पुढे गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती वाढते, 1000 च्या वर तर फारच. वरच्या पोटात जोराची कळ, ती पाठीत जाते आणि उलट्या थांबत नाहीत, असं झालं तर "किमोचंच असेल" म्हणत घरी बसू नका. रात्र असली तरी निघा, आणि शेवटचा लिपिड रिपोर्ट सोबत घ्या.