रातथाऱ्यावरची कबुतरं: या चुका टाळा

फेब्रुवारी लागला की मला इथल्या, इंग्लंडातल्या मराठी मंडळींचे फोन सुरू होतात: "या शनिवारी कबुतरांच्या शिकारीला येऊ का?" फेझंट या रानपाखराच्या शिकारीचा हंगाम १ तारखेला संपतो, राखणदार रान मोकळं करतात आणि आमच्या लिंकनशरचे शेतकरी शनिवारी संध्याकाळी राईराईत माणसं उभी करतात. वुडपिजन, म्हणजे इथलं रानकबुतर, दिवसभर रेपसीड या तेलबियांच्या पिकाची पानं ओरबाडून तिन्हीसांजेला रातथाऱ्याला येतो. या, मी नाही म्हणत नाही. शॉटगनचं सर्टिफिकेट नसेल तर मात्र फोनच करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्याच पाखरावर बार टाकणं. दोन वर्षांपूर्वी लीड्सहून एक जण आला होता. कोरी करकरीत दुनळी, पिशवीत शंभर काडतुसं. त्याला आयव्हीच्या वेलीने लगडलेल्या झाडाजवळ उभं केलं आणि सांगितलं, पहिली पाच-दहा जाऊ दे. पावणेचारला एक जोडी शेंड्यांच्याही खूप वरून घिरटी घालून गेली आणि याने धाडधाड दोन्ही नळ्या रिकाम्या केल्या. साठ यार्ड तरी असतील. पीससुद्धा पडलं नाही. मागून दीड-दोनशेचा थवा येत होता, तो हवेतच वळून पलीकडच्या राईत उतरला. अंधार पडेपर्यंत तिकडे बार वाजत होते आणि आम्ही दोघं थर्मासमधला चहा पीत होतो. शेतकरीबाबा तेव्हा काही बोलला नाही. पुढच्या वर्षी मला एवढंच म्हणाला, "एकटाच ये."

माझी सवय सांगतो. पोचलो की आधी समोरच्या झाडापर्यंत पावलं मोजतो. पस्तीस पावलांपलीकडचं पाखरू माझं नाही. पंखावरचा पांढरा पट्टा स्वच्छ दिसला की मगच बंदूक खांद्याला.

तो पट्टा आणखी एका कारणासाठी बघायचा. "सगळी कबुतरंच ना?" असं विचारणाऱ्यांना मी बंदूक पेटीत ठेवायला सांगतो. स्टॉक डव्ह हे दुसऱ्या जातीचं कबुतर. तो थोडा लहान असतो, त्याच्या पंखावर पांढरा पट्टा नसतो, आणि तो संरक्षित आहे. पिकांचं नुकसान रोखण्यासाठी जे जनरल लायसन्स आहे त्यात वुडपिजन येतो, कावळा येतो, हा येत नाही. मानेवरच्या पांढऱ्या डागावर भिस्त ठेवू नका, वुडपिजनच्या पिल्लांना तो नसतोच. एप्रिल २०१९ मध्ये ही लायसन्सं अचानक रद्द झाली होती, तेव्हापासून मी दर जानेवारीत नव्या अटी स्वतः वाचतो. व्हॉट्सॲपवर "चालतं रे" म्हणणारे दंड भरायला येत नाहीत.

वारा पडलेल्या संध्याकाळी घरीच बसा. सोसाट्याचा वारा असला की पाखरं खालून येतात आणि बाराचा आवाजही विरतो. वाऱ्याकडे पाठ करा. ती वाऱ्याला तोंड देत तुमच्यासमोर येतील.

तोंड वर करून बघू नका. आपला गव्हाळ चेहराही वरून चमकतो. मोबाईल गाडीत.

फांदीवर बसलेल्यावर बार नाही. मागे मोकळं आकाशच हवं.

कावळे अगदी शेवटच्या उजेडात येतात, आणि कबुतराला खपेल ती हालचाल त्यांना खपत नाही. माझ्याच्याने कावळ्यावर चाप ओढवत नाही. आजोबांच्या पिंडाला कावळा शिवेना म्हणून नदीकाठी ताटकळलो होतो, ते आठवतं. शेतकरीबाबाला डोळे फोडलेली कोकरं आठवतात. त्याचंही खरंच आहे.

पाडलेलं पाखरू तिथल्या तिथे उचला. "शेवटी सगळी एकदम शोधू" म्हणणारे मग अंधारात बॅटरी घेऊन आयव्ही उपसत बसतात. आणि पाखराच्या गळ्यातली दाणापाण्याची पिशवी रानातच काढून टाका. ती पानांनी टच्च भरलेली असते. रात्रभर तशीच राहिली की मांसाला कोबीचा वास लागतो, मग कितीही कांदा-खोबऱ्याचं वाटण घाला.