थ्रेड ठरावीक काळ थांबवताना
नाशिकच्या होळकर पुलाजवळील गोदावरीची पाणीपातळी दर १० मिनिटांनी नोंदवणारा प्रोग्रॅम जावामध्ये लिहायचा असेल, तर थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याला) थांबवणाऱ्या ‘थ्रेड.स्लीप’ला मिलिसेकंद लागतात हे ध्यानात ठेवून ६००००० हा आकडा द्यावा, पायथॉनच्या ‘टाइम.स्लीप’ला मात्र सेकंद, म्हणजे ६००, द्यावे लागतात. तथापि प्रत्येक फेरीत पूर्ण १० मिनिटे थांबल्यास पातळी वाचून साठवण्यास लागलेला वेळ त्यात मिळत जातो आणि नोंदी हळूहळू लांबणीवर पडतात, म्हणून पुढील नोंदीची वेळ आधी ठरवून उरलेल्या अवधीपुरतेच थांबणे अधिक योग्य. शिवाय, ‘स्लीप’मध्ये गेलेला जावा थ्रेड आपल्याकडील लॉक (सामायिक माहिती एका वेळी एकाच थ्रेडला वापरू देणारे कुलूप) सोडत नाही आणि त्या लॉकची वाट पाहणारे इतर थ्रेड अडकून पडतात (पुराच्या दिवसांत अशी अडवणूक मुळीच परवडणारी नाही), त्यामुळे सिंक्रोनाइझ्ड भागात, म्हणजे लॉक घेऊन चालणाऱ्या कोडमध्ये, ‘स्लीप’चा वापर टाळावा.