नॅशव्हिलला मुलांकडे सहा महिने चाललाय? मग कुर्दी बाजारात असं जा

ठाण्यातून निघताना आपली तयारी ठरलेली असते, थालीपीठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि मग वजनकाट्यावर बॅग चढवून पुन्हा निम्मं बाहेर. पण लेक किंवा मुलगा टेनेसीतल्या नॅशव्हिलला असेल तर डाळ, तांदूळ, हळद, तीळ, चणे यातलं काहीही नेऊ नका, सरळ कुर्दी दुकानातून घ्या. हो, कुर्दीच, म्हणजे तुर्कस्तान-इराक बाजूच्या कुर्द लोकांच्या. अमेरिकेत कुर्दांची सगळ्यात मोठी वस्ती याच शहरात आहे, साधारण १५ हजारांच्या आसपास धरतात, आणि आपली मंडळी सहा महिने राहून परत येतात तरी त्यांना पत्ता नसतो, कारण रविवार आला की गणपतीचं देऊळ नाहीतर इंडियन ग्रोसरी, झालं.

जायचं कसं ते आधी सांगते. नातवंडांना झू दाखवायला तुम्हाला नेणारच आहेत, तो झू नोलेन्सव्हिल पाइक नावाच्या रस्त्यावर आहे. झू झाला की गाडी घराकडे वळवायच्या आधी त्याच रस्त्याने जरा दक्षिणेला घ्यायला सांगा, एलिशियन फील्ड्स रोडचा कोपरा आला की तिथे थांबा. या भागाला लिटल कुर्दिस्तान म्हणतात. गर्दीचा बाजार वगैरे डोळ्यासमोर आणू नका, जांभळी नाक्यासारखं काही नाही, पार्किंगच्या मागे बसकी दुकानं, दाढी-कटिंगवाला, किराणा, बेकरी, आणि जवळच सलाहदीन सेंटर ही त्यांची मशीद, १९९८ सालची. दुकानात लाल-पांढरा-हिरवा झेंडा आणि मधे पिवळा सूर्य दिसला की समजायचं बरोबर आलो, त्या सूर्याला २१ किरणं असतात. दिवसा मुलं ऑफिसला असतील आणि तुम्ही धीराचे असाल तर याच रस्त्यावरून ५२ नंबरची बस जाते, पण खरं सांगायचं तर त्या गावात बसने फिरणं म्हणजे घोडबंदर रोडला संध्याकाळी सहाला रिक्षा शोधणं, गाडीनेच जा.

पहिलं काम ब्रेड. बेकरीत गरम नान मिळतो, भट्टीतून निघाला की कागदी पिशवीत सरकवून देतात, गाडीत बसल्यावर पिशवीचं तोंड उघडं ठेवायचं नाहीतर वाफ धरून तळाचे नान ओले होतात. दोन्ही टोकांना निमुळता, आतून मऊ असा एक पाव असतो, त्याला समून म्हणतात, तो आपल्या मिसळीबरोबर इतका छान जातो की तिकडे लादीपावाची आठवण काढायचं कारण नाही. मग बुलगुर घ्या, म्हणजे गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला, त्यामुळे लापशीच्या हिशोबाने पाणी घातलंत तर गिच्च गोळा होतो, दीडपट ते दुप्पट पाणी पुरतं आणि मसालेभातासारखं परतून केलं तर जावई पण विचारून खातो. शिवाय सुमाक म्हणून आंबट लाल पूड मिळते, कोशिंबिरीवर टाकायला, डाळिंबाच्या रसाचा आटवलेला पाक मिळतो, आणि बोटाच्या पेराएवढी फ्रोझन भेंडी, ती अख्खीच टाकायची, चिरत बसू नका.

शाकाहारी असाल तर हा भाग नीट वाचा. द्राक्षाच्या पानात, कांद्याच्या पाकळीत, वांग्यात भात भरून शिजवलेला डोलमा दिसायला एकदम आपल्यातला वाटतो पण आत बहुतेक वेळा खिमा असतो, आणि नसला तरी पातेल्याच्या तळाशी मटणाची हाडं लावलेली असू शकतात. मसूर डाळीचं सूप असतं ते चालेल पण कशात शिजवलंय हे विचारा. व्हेजिटेरियन हा शब्द पुरत नाही, "नो मीट, नो चिकन, नो सूप ऑफ मीट" असं तुकड्या-तुकड्यात सांगायचं, कोणी रागवत नाही. दही आणि खारं ताक मात्र बिनधास्त घ्या.

आता बोलायचं काय, कारण आपली माणसं पहिल्या वाक्यातच घोळ घालतात. "आर यू अरब?" हे विचारायचं नाही. तुर्की का, इराणी का, हेही नाही. "कुठल्या देशाचे" हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो पण कुर्दांचा मुलूख तुर्कस्तान, इराक, इराण आणि सीरिया अशा चार देशांत वाटला गेलाय, १९२० च्या सेव्हर्सच्या तहात त्यांच्या स्वतंत्र देशाची शक्यता तरी लिहिली होती, १९२३ च्या लोझानच्या तहात तीही गेली. त्यामुळे गाव विचारा. "व्हिच टाउन?" म्हटलं की दुहोक, झाखो, सुलेमानी, एर्बिल असं काहीतरी येईल आणि माणूस खुलतो, गावच्या डोंगराबद्दल सुरू होतो. नॅशव्हिलचे बरेचसे इराकी बाजूचेच आहेत. १९७५ मध्ये इराण आणि इराकने अल्जीयर्सला करार केला, इराणच्या शहाने इराकमधल्या कुर्दांना दिलेली मदत एकदम काढून घेतली, त्यांचं इराक सरकारविरुद्धचं बंड कोसळलं आणि मग १९७६ पासून पहिली कुटुंबं इथे आली. पुढे ९१ च्या आखाती युद्धानंतर, आणि ९६-९७ मध्ये तर अमेरिकेने साडेसहा हजारांवर कुर्दांना आधी ग्वाम बेटावर नेऊन मग देशभर वसवलं, त्यातलेही इथे आले. गल्ल्यावर बसलेले पन्नाशीचे गृहस्थ यातल्या कुठल्यातरी खेपेतले असू शकतात, पण ते तुम्ही खोदून काढायचं नाही, त्यांनी सांगितलं तर ऐकायचं.

भाषेवरून पण तसंच, त्यांची भाषा कुर्दी, अरबी नव्हे. तुर्कस्तानात १९८३ ते १९९१ कुर्दीत छापायला, भाषणं द्यायला कायद्यानेच बंदी होती, म्हणून "तुमची अरबी छान आहे" असलं कौतुक नको. "स्पास" म्हणजे थँक्यू, एवढं आलं तरी भरपूर, छातीवर उजवा हात ठेवून म्हणा. बायकांनी बायकांशी गळाभेट चालते, पुरुषांनी मात्र समोरच्या बाईने हात पुढे केला तरच हात मिळवावा.

बोलायला विषय हवा असेल तर एक भारी विषय आहे आपल्याकडे. मुंब्रा-भिवंडीकडचे कोकणी मुसलमान शाफी पद्धतीचे (सुन्नी धर्मशास्त्राच्या ज्या शाखा आहेत त्यातली एक शाफी, दुसरी हनफी), आणि कुर्दांमधले बहुसंख्य सुन्नीही शाफीच, तुर्क बहुतेक हनफी. हे ऐकून मंडळी खुर्ची ओढून बसतात. सगळे कुर्द मुसलमानच असतात असं मात्र धरून चालू नका, त्यांच्यात यझिदी, अलेवी, यारसान अशा वेगळ्या श्रद्धांचे लोकही आहेत.

मुक्काम मार्चमधला असेल तर नशीबवान आहात. २०-२१ मार्चला नवरोज, दिवस-रात्र समान होतात तेव्हाचं नवं वर्ष, म्हणजे तारीख सूर्यावर, आपला पाडवा तिथीने मागेपुढे सरकतो. ठाण्याची कौपिनेश्वरची स्वागतयात्रा चुकली म्हणून हळहळत घरात बसण्यापेक्षा तिकडे जा. जाळ पेटवतात, कावा नावाच्या लोहाराने जुलमी राजा झोहाकला मारल्याची कथा त्यामागे आहे. बायकांचे झगे पायघोळ, चमकीचे, आपण नऊवारी नेसून गेलो तर अजिबात विचित्र दिसत नाही, उलट फोटोसाठी रांग लागेल. नाच साखळीचा असतो, हात किंवा करंगळ्या गुंफून, आणि ओळीच्या टोकाचा माणूस रुमाल फिरवत पुढे नेतो. तुम्ही मधेच घुसायचं, टोकाला नाही, दोन पावलं पुढे एक मागे असं काहीतरी चाललेलं असतं, गुडघे दुखत असतील तर नुसतं खांद्याला खांदा लावून हललात तरी चालतं.

फक्त एक लक्षात ठेवा, नवरोजच्या आधीच १६ मार्च येतो. १९८८ साली त्या दिवशी इराकच्या सद्दाम हुसेनच्या विमानांनी कुर्दांच्या हलब्जा गावावर विषारी वायू सोडला, ५ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्या दिवशी दुकानात गेलात तर "हॅपी नवरोज" आगाऊ देऊन येऊ नका, सामान घ्या, छातीवर हात ठेवा आणि निघा.

चहाला बसवलंच तर चहा बिनदुधाचा, छोट्या काचेच्या ग्लासात, साखर भरपूर. ग्लास रिकामा झाला की पुन्हा भरतात, नको असेल तर तळाला थोडा शिल्लक ठेवून ग्लासवर हात धरायचा. मधुमेहवाल्यांनी साखर टाकायच्या आधीच सांगा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नका, भाजणी निम्मी बाहेर काढली तेव्हा बॅगेत जी जागा झाली ना, तिथे चितळ्यांच्या बाकरवडीची दोन पाकिटं टाका.