डिझाइनवाल्यांनी साइटची सेफ्टी का शिकावी

सिव्हिल करून डिझाइनला येणारी बरीच मुलं साइटच्या उन्हाला कंटाळूनच येतात. सेफ्टी म्हणजे हेल्मेट, जॅकेट आणि सेफ्टी ऑफिसर. आपला संबंध फक्त सॉफ्टवेअरशी, अशी त्यांची समजूत असते. मी ठाण्यात स्ट्रक्चरल डिझाइन करते. कामगार कुठे उभा राहणार, कुठे वाकणार आणि किती वेळ, यातलं बरंचसं आपल्या ड्रॉइंगमध्येच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये १९९४ च्या नियमांपासून डिझायनरवर याची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याकडे तसं कुणी मानगुटीवर बसत नाही, म्हणून ती स्वतःहून घ्यायची.

डक्टचं, म्हणजे पाइप वरखाली नेण्यासाठी स्लॅबमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेचं बघा. खारघरच्या एका टॉवरवर स्लॅबमधलं डक्टचं भोक प्लायवूडने झाकलं होतं. असा प्लाय फार दिवस जागेवर राहत नाही. सेंटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्याला, तुकडा कमी पडला की पहिली नजर तिकडेच जाते. खाली सरळ ११ मजले. मुकादम म्हणाला, "मॅडम, सळईची जाळी डक्टमधून तशीच जाऊ द्या ना. प्लंबर आला की कापेल." तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्लॅबच्या ड्रॉइंगवर ही नोट असते: डक्टमध्ये ८ मिमीची जाळी १५० मिमी अंतराने सलग, पाइप टाकतानाच कापावी. सळईचा खर्च किरकोळ. तरी बिलिंगवाले हुज्जत घालतात, घालू द्या.

सेंटरिंग खोलण्याबद्दल आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात आकडे आहेत: साध्या सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे प्रॉप, म्हणजे टेकू, ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४. ६ मीटरपुढच्या बीमला २१. फ्लाय ॲशचं (कोळशाची राख मिसळलेलं) काँक्रीट सावकाश ताकद धरतं, तेव्हा नुसते दिवस मोजू नका, क्यूबचा (त्याच काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या ताकदीचा) रिझल्ट मागा. आणि प्रॉप कुठल्या क्रमाने काढायचे तेही लिहा. बाल्कनीचे प्रॉप टोकाकडून आत काढायचे. आधी आतले काढले तर स्लॅब टोकाच्या प्रॉपवर टेकतो आणि खालच्या बाजूला ताण येतो, जिथे आपण मुख्य सळई दिलेलीच नसते. खोलणाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला हाताला येईल तो प्रॉप पहिला.

कडेच्या कॉलमवर सळयांची गर्दी केली की फिटर (सळई बांधणारा) बीम-कॉलमच्या जॉइंटमधल्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवतीचे वेढे, बांधायला बाहेर झुकून तासन् तास अडकतो. कॉलम थोडा मोठा घेऊन किंवा कपलर (दोन सळया टोकाला टोक जोडणारा तुकडा) देऊन ते टाळता येतं. हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) अडकवायचा हूक कुठे, हेही ड्रॉइंगवर दाखवा. नाहीतर तो परांचीच्याच पाइपाला अडकवला जातो.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात सेफ्टी ऑफिसरची सक्ती होती ५०० कामगारांपासून पुढे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने तो आकडा २५० वर आणला. नौपाड्यातल्या रिडेव्हलपमेंटच्या साइटवर असतात जेमतेम ४० माणसं. तिथे सेफ्टीचं जे काही लेखी असेल, ते बहुतेक तुमच्याच ड्रॉइंगवर.

नवीन लागलात तर पहिल्या सहा महिन्यांत आठवड्यातून एक दिवस साइट मागून घ्या. बॉस कुरकुर करेल. सकाळच्या टूलबॉक्स टॉकला (काम सुरू होण्याआधीच्या सेफ्टीच्या छोट्या बैठकीला) मागे उभे राहा, नंतर फिटरला विचारा, "दादा, कुठली सळई बांधायला त्रास होतो?" पहिल्यांदा तो "काही नाही साहेब" म्हणेल. चहाच्या वेळी परत विचारा, मग बोलतो. पावसाळ्यात एकदा तरी उलव्याकडचा खोदलेला खड्डा बघून या. खाडीकाठची चिकणमाती पाणी प्यायली की कड कशी सुटते ते सॉइल रिपोर्टात दिसत नाही. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचं मुख्यालय बेलापूरलाच आहे, तिथल्या प्रशिक्षणांची चौकशी करायला हरकत नाही. आणि सेफ्टी शूज स्वतःचे घ्या. साइट ऑफिसात पाहुण्यांसाठी ठेवलेले असतात ते कुणालाच बसत नाहीत.