घोड्याचा अभ्यास करताना डोक्यातली गाय बाजूला ठेवा

इंटर्नशिपच्या वर्षातली गोष्ट. लग्नसराईत एका रात्री फोन आला, वरातीची घोडी सारखी बसतेय, उठतेय, पोटाकडे मान वळवतेय. नागपूरच्या कडेची वस्ती, उजेड मोबाईलच्या टॉर्चचा. मी गेलो, मागे उभा राहिलो आणि नाडी बघायला शेपटी उचलली. गायीची नाडी शेपटीखालीच बघायची, हात आपोआप तिकडे गेला. लाथ मांडीवर बसली. घोडीवाला शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, घोडी हाये ते, गाय नाही न."

माझ्या तोवरच्या शिक्षणावर इतका नेमका शेरा कुठल्याही परीक्षकाने मारला नव्हता.

नागपुरात पशुवैद्यकी शिकणाऱ्याच्या हाताखालून गायी, म्हशी, शेळ्या, कुत्री रोज जातात. टांगे गेले, उरले ते वरातीचे घोडे आणि काही हौशी लोकांचे. त्यामुळे घोडा पुस्तकात वाचला जातो आणि हात गायीवर बसतो. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

आधी प्रवेशाचं

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी पालक 'अश्व व्यवस्थापनाची पदवी' शोधत येतात. परदेशात अशा पदव्या आहेत आणि तबेला किंवा स्टड फार्म (घोड्यांची पैदास होते ती जागा) सांभाळायला त्या उपयोगीही पडतात. पण नुसत्या त्या पदवीवर इथे घोड्यावर उपचार करता येत नाहीत. त्यासाठी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. करावं लागतं: साडेपाच वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप, आणि मग पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी. प्रवेश नीटच्या गुणांवर.

बऱ्याच जणांचं घोडं पेंड खातं ते इथे. नीट दिली की एमबीबीएसच्या यादीसोबत आपलंही नाव कुठेतरी लागेल, असं धरून चालतात. तसं नसतं. माफसूचा, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे आणखी वेगळा. विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरातच आहे, तरी दरवर्षी इथलीच मुलं मुदत संपल्यावर चौकशीला येतात. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

आता त्या रात्रीकडे परत

लाथ खाल्ल्यावर मी स्टेथोस्कोप लावला. ठोके मिनिटाला ६४. मनात म्हटलं, ठीक आहे. गायीला ते ठीकच आहे. पण विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात. पोटशूळात साठच्या वर गेले की प्रकरण गंभीर समजायचं. आकडा बरोबर मोजला होता, ताडून बघितला चुकीच्या जनावराशी.

मग ऐकली डावी कूस. का? तर गायीचं रूमेन, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा मोठा कप्पा, डावीकडे. घोड्याला रूमेन नसतंच. त्याचा चारा आंबतो तो मागे, अंधनाल (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि मोठ्या आतड्यात, आणि अंधनाल असतं उजव्या कुशीत. तिथे थोड्या थोड्या वेळाने पाणी ओतल्यासारखा आवाज यायला हवा. दोन्ही बाजू, वर आणि खाली, अशा चार जागा ऐकायच्या, प्रत्येक जागी घाई न करता. पोट शांत आहे म्हणजे बरं आहे असं नाही. घोड्याच्या बाबतीत शांत पोट ही वाईट बातमी.

नाडी जबड्याखाली बघतात. हाडाच्या कडेला बोटं टेकवून सरकवली की दोरीसारखी धमनी बोटाखाली येते. जायचं डाव्या खांद्याकडून, आवाज देत. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट मागचं आणि नाकासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. दोर हाताला गुंडाळू नका. बोट गमावलेल्या माणसाशी एकदा बोलून बघा, पुन्हा सांगावं लागणार नाही.

तेवढ्यात घोडीवाल्याने एरंडेलाची बाटली काढली. बैलाला पाजतात तसं तोंडातून ओतायचा बेत. हे कधीच होऊ देऊ नका, तेल फुप्फुसात जातं. दुसरं म्हणजे घोड्याला उलटी होत नाही. जठर लहान, वर जायची वाट बंद, आत भरत गेलं तर जठर फुटतं. आमचे सीनिअर आले, नाकातून नळी घातली आणि आंबूस पाण्याने बादली भरली. मांडवातला उरलेला भात आणि पुऱ्या घोडीला संध्याकाळी 'प्रसाद' म्हणून चारल्या होत्या. मला सगळं विचारायचं सुचलं, काय खाल्लं तेवढं सोडून.

खाण्याचं आणि वजनाचं

कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. गायीला ते बरंच सोसतं, घोड्याला मात्र अगदी थोड्या मात्रेत मारतं, हृदयावर घाव घालून. म्हणून कोंबड्यांचं किंवा गायीचं तयार खाद्य उरलंय म्हणून घोड्याला घालू नका. नुसत्या कोंड्यावर ठेवलं तर फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि चेहऱ्याची हाडं सुजतात. हरळी, वाळलेलं गवत, थोडा भिजवलेला हरभरा, मीठ आणि भरपूर पाणी. नागपूरच्या मे महिन्यात पाण्याची बादली सावलीत ठेवा, एवढं तरी.

वजन डोळ्याने सांगू नका, सगळे चुकतात. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११८७७. घेर १६०, लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो. त्याच घोडीला मी अंदाजाने चारशे म्हटलं होतं. औषधाची मात्रा त्या हिशेबाने गेली असती तर?

एक गोष्ट मात्र उपचाराची नाहीच

नाकातून घट्ट पिवळा स्राव, अंगावर गाठी येऊन फुटलेल्या असं दिसलं तर हात मागे घ्या. तो ग्लँडर्स असू शकतो; हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो आणि कायद्याने तो कळवावाच लागतो. अँटिबायोटिक देऊन बघू, हा विचार डोक्यात आणू नका. हातमोजे, मास्क, घोडा वेगळा बांधायचा आणि पशुसंवर्धन खात्याला फोन.

हात बसवायचा तर इंटर्नशिपमध्ये पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर किंवा स्टड फार्मवर जायची संधी मिळतेय का, हे आधीपासून विचारून ठेवा. हिसारला घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्याचा परिसर बिकानेरलाही आहे. तोवर जवळच्या नालबंदाशी ओळख करा. तो खूर उचलतो ते पाहिलं तरी अर्धा तास सत्कारणी लागतो.

ती घोडी वाचली. पहाटे चारच्या सुमाराला लीद पडली तेव्हा घोडीवाला तीवर टॉर्च धरून मला हाका मारत होता. अजून त्याचा फोन येतो. आता तो आधी सांगतो लीद किती वेळा पडली, मग काय चारलं, आणि शेवटी, आठवलं तर, 'नमस्कार'.