गोल्फमधल्या या चुका टाळा: दोष स्विंगमध्ये दिसतो, पण सुरू होतो त्याआधी

चेंडू उजवीकडे वळला की आपण स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची पद्धत, बदलतो. क्लब (चेंडू मारायची काठी) चेंडूआधी जमिनीत रुतला की स्विंग बदलतो. चेंडू सरपटत गेला, तरीही स्विंगच बदलतो. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. मग एका प्रशिक्षकांनी माझा एकही फटका न बघता आधी माझा हातमोजा मागितला. करंगळीच्या खाली तळव्याची जी मांसल गादी असते, नेमक्या त्या जागी तो झिजून भोक पडलं होतं. ते म्हणाले, "क्लब तुमच्या हातात सरकतोय. तुम्ही तो बोटांत धरत नाही, तळव्यात धरता." पुढचा पाऊण तास आम्ही चेंडूला हातही लावला नाही. त्या दिवसापासून चूक शोधायची झाली की मी उलट्या बाजूने सुरुवात करतो: आधी पकड, मग रोख, मग चेंडूची जागा, आणि हे सगळं तपासून झाल्यावरच स्विंग.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.)

पकड तळव्यात जाते

डाव्या हातात दांडा तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळापर्यंत तिरका यायला हवा आणि ती मांसल गादी त्याच्यावर वरून टेकायला हवी. तपासायचं असेल तर क्लब समोर धरा आणि हळूहळू बाकीची बोटं सोडा. नुसती तर्जनी आणि गादी यांच्यात क्लब तोलला गेला तर पकड बोटांत आहे. खाली गळून पडला तर ती तळव्यात आहे.

आता चेंडूसमोर उभं राहून खाली बघा. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींपैकी दोन ते तीन दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर हात डावीकडे जास्त वळलाय. अशा पकडीत क्लबफेस (चेंडूला लागणारी क्लबची बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो आणि चेंडू उजवीकडे पळतो. चारही दिसत असतील तर उलटं होतं: फेस लवकर बंद होतो आणि चेंडू डावीकडे हूक होतो.

उजव्या हाताची करंगळी कुठे ठेवावी यावर मात्र लोक नको इतका वेळ घालवतात. सहा वेळा ब्रिटिश ओपन स्पर्धा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पकडीत ती डाव्या हातावर टेकवतात. जॅक निक्लॉस आणि टायगर वुड्स यांनी ती डाव्या तर्जनीत गुंतवली. दहाही बोटं दांड्यावर ठेवणारेही आहेत. हाताला जे सहज वाटेल ते घ्या आणि पुढे चला. खरा घात होतो तो क्लब आवळून धरल्याने. कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू फटक्याआधीच ताठ झाले असतील तर मनगटं वळणार नाहीत आणि क्लबला वेग मिळणार नाही.

पकड बदलली की सुरुवातीला चेंडू आधीपेक्षाही वाईट जातील, कारण तुमच्या स्विंगने जुन्या पकडीशी जुळवून घेतलेलं असतं. याच टप्प्यावर बहुतेक जण जुन्या पकडीकडे परततात. कृपा करून परतू नका.

रोख चुकतो आणि कळतही नाही

होलमध्ये रोवलेल्या झेंड्याकडे पाय रोखायचे, ही सर्वांत सर्रास होणारी चूक. लक्ष्याकडे जाते ती चेंडूची रेषा. आपण तिच्या अलीकडे उभे असतो. म्हणून पाय, गुडघे आणि खांदे यांची रेषा रेल्वेच्या रुळांसारखी त्या रेषेला समांतर हवी, म्हणजेच झेंड्याच्या किंचित डावीकडे. पाय थेट झेंड्याकडे रोखले की शरीर खरं तर उजवीकडे बघत असतं. ते आतून कुठेतरी जाणवतं आणि मग आपण खांद्याने चेंडू डावीकडे ओढतो. यातून स्विंगचा जो दोष तयार होतो, तो स्विंगमध्ये शोधून कधीच सापडणार नाही.

रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, दोन क्लब जमिनीवर समांतर ठेवून सराव करा. प्रत्यक्ष खेळात मात्र हे चालत नाही. उभं राहायला मदत म्हणून क्लब किंवा दुसरी वस्तू जमिनीवर ठेवून स्टान्स (उभं राहण्याचा पवित्रा) घेतला तर नियम १०.२ नुसार दंड बसतो. त्यामुळे सवय अशी लावा: चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्याच्या रेषेवर एक-दीड मीटरवरचं वाळलेलं पान, एखादा जुना डिव्हट (फटक्याने गवत उखडून पडलेला खळगा), काहीही हेरा. आधी क्लबफेस त्याच्याकडे रोखा, मग पाय लावा. पाय आधी आणि फेस नंतर लावला की रोख चुकलाच म्हणून समजा.

चेंडूच्या जागेबद्दल थोडक्यात. ड्रायव्हरसाठी (सर्वांत लांब मारायचा क्लब) चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या रेषेत हवा, कारण तो टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, असतो आणि क्लब वर चढू लागला की त्याला लागायला हवा. मधल्या आयर्नसाठी (धातूच्या पात्याचे मध्यम पल्ल्याचे क्लब) तो स्टान्सच्या मध्याच्या किंचित पुढे आणि वेजसाठी (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) जवळजवळ मध्यावर हवा. आयर्नमध्ये आधी चेंडू, मग जमीन. गवतावर एक रेघ ओढा, तिच्यावर चेंडू नसतानाच स्विंग करा आणि डिव्हट कुठे सुरू होतो ते पाहा. तो रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू व्हायला हवा. मागे सुरू होत असेल तर वजन उजव्या पायावरच अडकलंय.

स्लाइस: डावीकडे रोखणं हा उपाय नाही

चेंडू उजवीकडे वळतो म्हणून आणखी डावीकडे रोखायचं, हे प्रत्येकाने कधी ना कधी केलेलं असतं. त्यामुळे वळण वाढतं. का, ते समजून घ्या, कारण इथे अनेक वर्षं उलटं शिकवलं गेलं. चेंडू सुटताना कोणत्या दिशेला निघतो ते मुख्यतः क्लबफेस ठरवतो. रडारवर चालणारी मापन यंत्रं आल्यावर हे स्पष्ट झालं. आणि तो पुढे किती वळतो, ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. रोख डावीकडे नेला की मार्गही आणखी डावीकडे जातो. फेस मात्र आपण नकळत झेंड्याकडेच ठेवतो. दोघांतलं अंतर वाढतं, वळणही वाढतं.

म्हणून चेंडू शेवटी कुठे पडला यापेक्षा तो सुटला कुठे ते बघा. उजवीकडे सुटून आणखी उजवीकडे गेला? फेस लक्ष्याच्या मानाने उघडा आहे. पकडीकडे परत जा, गाठी मोजा. डावीकडे किंवा सरळ सुटून मग उजवीकडे वळला? पकडीला हात लावू नका. क्लब बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून आपल्याकडे, येतोय, बहुधा खाली येताना खांदे सर्वांत आधी वळतात म्हणून. यासाठी चेंडूच्या पलीकडे, थोडं मागे, क्लबचं मऊ कव्हर ठेवा आणि त्याला धक्का न लावता चेंडू मारा. सुरुवातीला अर्ध्या वेगाने.

ड्रायव्हरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासा. फेसवर खडूची पूड लावून दहा चेंडू मारा. ठसे फेसच्या मध्यापेक्षा दांड्याच्या बाजूला उमटत असतील तर मार्ग चांगला असूनही चेंडू उजवीकडे वळेल, कारण तिथे बसलेला फटका चेंडूला तशी फिरकी देतो. मग उपाय बदलतो: चेंडूपासून अंगठ्याएवढं मागे सरका, आणि वजन चवड्यांवर झुकत नाही ना ते पाहा.

"डोकं खाली ठेव"

चेंडू टॉप झाला, म्हणजे क्लब वरून लागून सरपटत गेला, की शेजारचा हमखास हेच सांगतो. माझ्या मते या सल्ल्याने जितका उपयोग होतो त्याहून नुकसान जास्त होतं. एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक मालिकेतल्या ७२ स्पर्धा जिंकणाऱ्या अनिका सोरेनस्टॅम आणि २००१ ची ओपन जिंकणारे डेव्हिड डुवाल या दोघांचंही डोकं चेंडूला क्लब लागेपर्यंत लक्ष्याकडे वळू लागलेलं असे. चेंडू टॉप होतो तो सहसा त्याला उचलायला गेल्यामुळे. आपण मागे झुकतो, कंबर सरळ होते, हात आखडतात आणि क्लब चेंडूच्या वरच्या भागाला लागतो. चेंडू वर चढवायचं काम लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या मागे झुकलेल्या कोनाचं, आहे. सात नंबरच्या आयर्नला साधारण तीस अंशांच्या आसपास लॉफ्ट असतो आणि तेवढा पुरतो. डोकं जबरदस्तीने दाबून ठेवलं तर छाती वळत नाही आणि फटका आणखी तुटका होतो. त्याऐवजी फटक्याचा शेवट तपासा: वजन डाव्या पायावर, उजवी टाच उचललेली, तीन आकडे मोजेपर्यंत तोल सांभाळून उभे.

ग्रीनजवळ

चिप करतानाही, म्हणजे ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) जवळून छोटा फटका मारतानाही, हीच उचलण्याची सवय आडवी येते. वजन सुरुवातीपासून डाव्या पायावर जास्त ठेवा आणि शेवटपर्यंत तिथेच राहू द्या. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक चिपला सर्वांत जास्त लॉफ्टचा वेज काढणं. समोर मोकळं ग्रीन असेल तर आठ नंबरचं आयर्न घ्या, चेंडू ग्रीनच्या कडेवर टाका आणि घरंगळू द्या. एकाच लयीत आठ नंबर, पिचिंग वेज आणि सँड वेज यांनी पाच-पाच चेंडू मारून बघा: हवेतला आणि जमिनीवरचा प्रवास कसा बदलतो ते डोळ्यांना दिसेल.

बंकरची, म्हणजे वाळूच्या खड्ड्याची, भीती मला फार काळ होती, आणि ती गेली एका गोष्टीमुळे: इथे चेंडूला मारायचंच नसतं. चेंडूच्या साधारण पाच सेंटिमीटर मागे वाळूत क्लब शिरतो आणि वाळूच चेंडूला बाहेर ढकलते. जीन सराझेन यांनी १९३० च्या दशकात आधुनिक सँड वेज घडवला तो यासाठीच. त्याच्या तळाचा फुगीर भाग, म्हणजे बाउन्स, क्लबला वाळूत रुतू न देता घसरवतो. फेस बंद ठेवला तर पुढची धार फावड्यासारखी घुसते आणि बाउन्सचा उपयोगच होत नाही. म्हणून आधी फेस उघडा, मग पकड घ्या. उलट क्रमाने केलं तर फटक्यात फेस परत बंद होतो. आणि क्लब मध्येच थांबवू नका. घाबरून वेग कमी केला की चेंडू तिथेच राहतो. सरावात वाळूत रेघ ओढून, चेंडू न ठेवता, त्या रेघेवरच क्लब आपटत राहा. खेळताना सरावाच्या स्विंगमध्ये वाळूला क्लब लावला तर दंड आहे, हे विसरू नका. वाळू ओली आणि घट्ट असेल तर फेस कमी उघडा, नाहीतर बाउन्स उसळून क्लब थेट चेंडूच्या पोटात बसतो.

राहिला पट, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवणारा फटका. ७२ पारच्या, म्हणजे ७२ फटके अपेक्षित असलेल्या, कोर्समध्ये अठरापैकी प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६. अर्धा खेळ. तरी लोक दिशेच्या मागे लागतात आणि अंतर सोडून देतात. दहा मीटरवरून दिशा हातभर चुकली असं क्वचितच होतं. अंतर दीड-दोन मीटर चुकणं मात्र रोजचं आहे, आणि तीन पट तिथूनच येतात. लांबच्या पटला १०८ मिलिमीटरचं होल हे लक्ष्य धरू नका. त्याच्याभोवती एक मीटरचं वर्तुळ मनात आखा आणि चेंडू त्यात थांबवा.

मी दर सरावाच्या शेवटी दहा मिनिटं एवढंच करतो. दहा मीटरवरून पट मारायचा, नजर न उचलता आधी मोठ्याने सांगायचं: कमी, जास्त, की बरोबर. मग बघायचं. पहिल्या दिवशी माझे वीसपैकी बहुतेक अंदाज चुकले होते. महिनाभरात हात आणि डोळे एकच उत्तर द्यायला लागले.